वेळेला लागेल

"दहा मिनिटं," आप्पा म्हणाले. "उगाच चेहरे पाडून बसू नका. दहा मिनिटांत गाडी घाटमाथ्यावर नेतो की नाही बघा."

आप्पांची दहा मिनिटं म्हणजे काय असतं, हे मला आणि आईला चांगलं ठाऊक होतं. त्यांनी बॉनेट उघडलं तसा वाफेचा लोट उठला. खाली रस्त्यावर गरम पाण्याचा ओघळ उताराला लागला होता. कुंभार्ली घाट, वैशाखातलं ऊन, सावलीला एक झाड नाही, आणि आमची फियाट वळणाच्या कडेला तोंड वासून उभी.

आई मागच्या सीटवर बसली होती. तिच्या मांडीवर तांब्याचा चांगला मोठा गडू होता, तोंड लाखेनं बंद केलेला. चिपळूणहून निघाल्यापासून तिनं तो खाली ठेवला नव्हता.

"खरंच दहा मिनिटं का हो?" तिनं विचारलं.

"सांगितलं ना एकदा!"

सकाळी शेजारच्या मेडिकलवाल्याकडं पाटणहून मामाचा फोन आला होता. "ताई, लगेच नीघ. आई तुझंच नाव घेतेय. आजचा दिवस काढेलसं वाटत नाही. आणि गंगा विसरू नको." आजी, म्हणजे आईची आई, महिनाभर अंथरुणाला खिळलेली होती. गंगा म्हणजे त्या गडूतली. आईच्या मावशीनं काशीहून आणून दिलेली. वर्षानुवर्षं ती आमच्या देवघरात होती. आजी एकदा आमच्याकडं राहायला आली होती तेव्हा त्या गडूकडं बोट करून म्हणाली होती, "माझ्या वेळेला तुझ्या हातनं यातले दोन थेंब तोंडात पडू देत गं. बाकी काही नको मला." आईनं हो म्हटलं होतं. तेव्हापासून ती रोज तो गडू पुसायची आणि परत जागेवर ठेवायची.

तर आईला त्या दिवशी एवढंच करायचं होतं. आजीचे डोळे उघडे असेतो पोचायचं आणि तिच्या तोंडात गंगा घालायची. जगात त्या दिवशी तिला दुसरं काही नको होतं.

"मी कराड गाडीनं जाते," ती फोन ठेवल्या ठेवल्या म्हणाली होती. "आत्ता मिळेल."

"घरची गाडी दारात असताना एस.टी.नं?" आप्पा म्हणाले. "तुझ्या भावाला काय वाटेल?"

पंचवीस वर्षं होऊन गेली. माझे केस पिकले. तरी ते वाक्य आठवलं की आजही डोक्यात तिडीक जाते. घरची गाडी म्हणे! ती घरची गाडी दारातून हलायलाच ऊन डोक्यावर आलं होतं.

त्या गाडीबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर माझा राग तुम्हाला उगाचचा वाटेल.

आमची पिठाची गिरण होती. ती बरी चालायची. आप्पांनी एका डॉक्टरांची वापरून सोडलेली फियाट घेतली आणि तिथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. पुढं ही गाडी आता बनायची नाही, हिचे पार्ट मिळायचे नाहीत, अशी बातमी आली आणि आप्पांच्या अंगात वारं शिरलं. कुणाची गाडी मोडीत निघाली, कुणाची झाडावर आपटली, की आप्पा पिशवी घेऊन हजर. मयताला जातात तसे. दर दोन-तीन महिन्यांनी कुर्ल्याच्या भंगार बाजारात जायचे आणि गोणपाटात कायकाय बांधून आणायचे. पलंगाखाली गिअरबॉक्स. माळ्यावर दरवाजे. तांदळाच्या कणगीमागं रेडिएटर. न्हाणीघराच्या फळीवर हेडलाइटच्या काचा. पाहुण्याला पाय पसरायला जागा नव्हती, पण सायलेन्सरला होती. माझ्या मैत्रिणी यायच्या त्या आधी ठेचकाळायच्या आणि मग बसायच्या.

रबराचे पार्ट तर रविवारी बाहेर निघत. फडक्यानं पुसून, वर आईच्या डब्यातली टाल्कम पावडर चोळून, पुन्हा कागदात. रबर चिरू नये म्हणून. आईनं स्वतः पावडर लावलेली मी कधी पाहिली नाही. डबा मात्र संपायचा.

बरं, एवढं जमवून ते गाडीत घालायचे का? नाव नको! गाडीतला पंप गेला की आप्पा तोच पंप उघडायचे, साबण लावायचे, दोरा गुंडाळायचे, आणि तोच परत बसवायचे. चांगला पंप पलंगाखाली. "असू दे," ते म्हणायचे. "एकदा घातला की झिजायला लागतो. ठेवला तर वेळेला लागेल." असं करत करत आमच्याकडं दोन गाड्या झाल्या म्हणा ना. एक चांगली, ती घरभर सुटी पडलेली. आणि एक भंगार, तिच्यात आम्ही बसायचो.

"काशीला जायचंय गाडीनं," असं ते सगळ्यांना सांगत. "हिला शब्द दिलाय. वाटेत काही मोडलं तर पार्ट कुठं शोधायचा? सगळं जमू दे, मग निघू." काशीचं आई लग्न झाल्यापासूनच ऐकत होती. सगळं कधी जमलंच नाही. कधी डायनामो राहायचा, कधी एक्सल.

आणि ही खोड गाडीपुरती नव्हती. घरात सगळंच ठेवणीतलं. चिनी मातीचे कप कपाटात, आम्ही कान तुटलेल्या कपातून चहा प्यायचो. आंबेमोहोर डब्यात, पानात रेशनचा तांदूळ. आईची पैठणी लग्नानंतर ट्रंकेत गेली ती गेलीच. "लागेल कधीतरी," आई म्हणायची. त्यांच्याबरोबर राहून राहून तीही तशीच झाली होती.

तर असे आम्ही घाटात उभे.

"होज फाटलाय," आप्पांनी आतून जाहीर केलं. होज म्हणजे रेडिएटरकडून इंजिनात पाणी नेणारा जाडसर रबरी पाईप. त्याला बोटभर लांब चीर गेली होती.

"मग दुसरा घाला की," मी म्हणाले. "एवढा ढीग आहे आपल्याकडं."

"आहे ना! ओरिजनल आहे. अपघातातल्या गाडीचा काढलेला, नव्यासारखा."

"कुठाय?"

आप्पा क्षणभर थांबले. "घरी. माळ्यावर."

"वा!" मी म्हणाले. "गाडी घाटात आणि पार्ट माळ्यावर. छान केलंत."

"वैजू, तोंड आवर. बांधला की भागतंय."

ते डिकीकडं गेले. मी मदतीला मागोमाग गेले, तर म्हणाले, "तू नको. वस्तू इकडच्या तिकडं होतात." त्यांनी किल्लीनं डिकी उघडली, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, तार आणि पाण्याचा कॅन काढला, आणि डिकी धाडकन बंद करून किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. मी तेव्हा त्याचा काही विचार केला नाही. ते नेहमीच तसं करायचे.

मग सुरू झालं बांधकाम. ट्यूब ओढायची, गुंडाळायची, वर तार पिळायची. आप्पा गुणगुणत होते. हो, गुणगुणत! सासू मरायला टेकलीय, बायको मागं बसून घामानं निथळतेय, आणि या माणसाला पाईप बांधायला मिळाला याचा आनंद झाला होता. मला वाटलं, ती तार घ्यावी आणि... जाऊ दे.

आणि तेवढ्यात खालच्या वळणावरून कराडला जाणारी एस.टी. आली.

मी रस्त्याच्या मध्ये जाऊन दोन्ही हात हलवले. बस थांबली. कंडक्टरनं दारातून डोकं काढलं. "काय झालं? येताय का कोण?"

"येतेय, येतेय!" मी ओरडले. "आई, ऊठ!"

आईनं दार उघडून एक पाय खालीसुद्धा टाकला होता. गडू छातीशी धरलेला. आप्पा बॉनेटकडून धावत आले आणि तिच्या पुढ्यात उभे राहिले.

"नको, नको. झालंच आहे. जाऊ द्या तुम्ही," ते कंडक्टरला म्हणाले.

"अहो, मी पुढं होते. तुम्ही या मागनं."

"बस बघ किती भरलीय! उभ्यानं जाणार आहेस, तो गडू घेऊन? धक्काबुक्कीत लाख फुटेल, गंगा सांडेल. मग काय करशील? आणि झालंय म्हणतो ना मी! बसच्या आधी पोचवतो तुला."

"आप्पा, जाऊ दे ना तिला!"

"तू मध्ये बोलू नको!"

कंडक्टरनं त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि डबल बेल दिली. त्याला आमचं भांडण ऐकत थांबायला वेळ नव्हता. बस वळणावरून दिसेनाशी झाली तशी आईनं पाय आत घेतला. तेव्हा मी आप्पांना ढकलून बाजूला केलं असतं तर, हा विचार नंतर हजारदा केला. पण तेव्हाच्या मुली बापाला ढकलत नसत.

पाईप बांधून झाला. कॅनमधलं पाणी ओतलं. तेवढ्यानं भरेना म्हणून आमचा प्यायच्या पाण्याचा फिरकीचा तांब्याही रिकामा केला. गाडी सुरू झाली. "बघ!" आप्पा आरशातून आईला म्हणाले. दोन वळणं गेलो असू नसू, फस्सकन आवाज झाला आणि काचेवर वाफ आली. ट्यूब सुटली होती. पाणी सगळं रस्त्यावर.

आता मात्र आई बोलली. "तरी मी म्हणत होते."

"म्हणत होते, म्हणत होते! चिंधी दे काहीतरी. कापड घट्ट बसतं."

आईनं पदराचं टोक दातात धरलं आणि टर्रकन फाडून दिलं. त्यांनी पुन्हा बांधायला घेतलं. मी पाणी शोधायला कॅन घेऊन खाली उतरले. पावसाळ्यात जिथं धबधबे कोसळतात तिथं नुसते तापलेले दगड होते. परत आले तर एक ट्रकवाला थांबला होता. त्याच्याकडचं होतं नव्हतं तेवढं पाणी त्यानं दिलं. "एवढंच हाय बघा. वर हेळवाकला मिळंल," म्हणाला आणि गेला.

ते ओतलं. आप्पांनी आत डोकावून मान हलवली. "कमी पडतंय."

"जेवढं आहे तेवढ्यावर चालवा."

"आणि इंजिनाचं हेड गेलं म्हणजे?"

"गेलं तर गेलं!"

"गेलं तर गेलं? हेड कुठं मिळतं माहितीय का तुला?"

मी काही बोलणार एवढ्यात मागचं दार उघडलं. आई खाली उतरली. संरक्षक कठड्याच्या दगडावर तिनं गडूचं तोंड आपटलं. लाखेचे तुकडे उडाले.

"आई!"

"अगं, काय करतेस?" आप्पासुद्धा दचकले. "ती गंगा आहे!"

"वेळेलाच ठेवली होती ना?" आई म्हणाली. "मग हीच वेळ. मला माझी आई जिवंत बघायचीय. बाजूला व्हा."

तिनं ओतायला सुरुवात केली. थोडं थोडं ओतत गेली आणि तळाला घोटभर राहिल्यावर थांबली. तेवढी तिला पुरणार होती. दोनच तर थेंब हवे होते.

आप्पांनी आत वाकून पाहिलं. "अजून थोडंसं. काठाला येतंय."

"एवढी राहू दे."

"अगं, एवढ्यासाठी इंजिन कशाला धोक्यात घालायचं? गंगा काय, तुझ्या भावाकडं असेल की!" असं म्हणून त्यांनी गडू तिच्या हातातून घेतला आणि रेडिएटरवर उपडा केला. वर दोनदा झटकलासुद्धा.

मामाकडं गंगा नव्हती. आजोबांच्या वेळेला त्यांची संपली होती. हे आप्पांना माहीत होतं. आईनं रिकामा गडू परत घेतला, पदरानं पुसला आणि गाडीत जाऊन बसली.

घाटमाथा आला. हेळवाकला टपरीवर पाणी भरलं, पण आप्पा लगेच निघेनात. इंजिन तापलंय, जरा निवू दे. मग पुढं रस्ता सपाट असूनही गाडी बैलगाडीच्या चालीनं. आई समोर बघत होती. मी तिचा हात धरला तर तो तिनं हळूच सोडवून घेतला. तिला कुणाचा हात नको होता.

मामाच्या दारात माणसं उभी होती. टोप्या काढून. ते पाहिल्यावर मला कळलं. आईलाही कळलं असणार, पण ती धावली. पायरीवर मामानं तिला धरलं.

"आत्ता गेली गं ताई. आत्ता. हात अजून गरम आहेत."

मामा रडता रडता बोलत सुटला. "सारखी विचारत होती, कराड गाडी आली का. मी फाट्यावर माणूस पाठवला होता. गाडी आली, तू त्यात नव्हतीस. त्यानं येऊन सांगितलं ते आईनं ऐकलं. मग नाही बोलली काही."

म्हणजे बस आली तेव्हा आजी होती! बोलत होती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वळून आप्पांकडं पाहिलं. ते गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून ती किती तापलीय ते बघत होते.

आई आत जाऊन आजीच्या उशाशी बसली. कपाळावरचे केस सारखे केले. मामी जवळ आली. "वन्सं, गंगा द्या. तोंडात घालू या."

सगळ्यांनी आईच्या हाताकडं पाहिलं. आप्पा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी घसा खाकरला. "त्याचं असं झालं की घाटात..."

"गंगा गाडीत आहे," आई म्हणाली आणि उठली. देवघरातली चांदीची वाटी घेतली. जाता जाता मला म्हणाली, "वैजू, पक्कड आण."

रेडिएटरच्या तळाला पाणी सोडायचा एक कॉक असतो. आप्पांना तो पक्कडीनं पिळताना तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं. ती बॉनेटपुढं जमिनीवर बसली, वाटी खाली धरून. मी आप्पांकडं गेले. "डिकीची किल्ली द्या."

"मी काढून देतो."

"द्या इकडं."

"अगं, तुला सापडायची नाही. मी देतो ना."

ते असे का चिकटलेत ते मला कळेना. पण माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. मी सरळ त्यांच्या खिशात हात घातला, किल्ली ओढून काढली आणि डिकी उघडली. पक्कड हत्याराच्या पिशवीत होती. पिशवी उचलली तर खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. कागद सुटला आणि माझी बोटं पांढरी झाली. आईच्या पावडरीचा वास आला.

काळाभोर, गुळगुळीत, एकही चीर नसलेला होज. दोन्ही तोंडांना क्लिपासुद्धा लावलेल्या. स्क्रू फिरवला की झालं.

माळ्यावर नव्हता. घरी नव्हता. तो आमच्याबरोबर अख्खा घाट चढून आला होता.

"वैजू, पक्कड," आई म्हणाली.

मी होज बगलेत मारला आणि तिला पक्कड दिली. तिनं कॉक पिळला. गढूळ, तांबूस, वाफाळतं पाणी वाटीत पडलं. आप्पा मागं येऊन म्हणाले, "अगं, त्यात गंज आहे. असलं पाणी तोंडात..." आईनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. ती वाटीवर फुंकर घालत आत गेली. मी लहान असताना माझं दूध निववायची तशी. तुळशीचं पान त्यात बुडवून तिनं आजीच्या ओठांत पाणी सोडलं. एक तांबडा ओघळ हनुवटीवर आला तो फाटक्या पदरानं टिपला. मामी तोंडाला पदर लावून उभी होती.

मी बाहेर अंगणात आले. आप्पा पुरुषांमध्ये जाऊन उभे राहिले होते. मी होज त्यांच्या छातीसमोर धरला.

"हे काय आहे?"

त्यांचा चेहरा पडला. "वैजू, आत्ता नको. चारचौघांत..."

"चारचौघांतच सांगा! हे काय आहे?"

आणि काय म्हणाले असतील? "ओरिजनल आहे तो. नीट धर." नीट धर!

"घाटात होता ना डिकीत? स्वतः डिकी उघडलीत ना? माळ्यावर आहे म्हणालात!"

"अगं, बांधून भागत होतं. एकदा घातला की झिजायला लागतो. आता मिळत नाहीत गं असले. वेळेला लागेल म्हणून..."

"वेळ म्हणजे आणखी काय असतं हो?" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की आतलं रडणं थांबलं. "माणूस मरायला लागलं होतं! तिची आई! आणखी कोण मरायला हवं होतं म्हणजे तुमची वेळ आली असती?"

कुणीतरी "दाजी, तुम्ही इकडं या" म्हणत त्यांना बाजूला घ्यायला लागलं. तेवढ्यात आई बाहेर आली. तिनं माझ्या हातातून होज घेतला. उलटा-पालटा करून पाहिला. बोटांना लागलेली पावडर चोळून पाहिली.

"हा डिकीत होता?"

आप्पांनी नजर गाडीकडं वळवली.

"बस आली तेव्हा पण डिकीतच होता?"

"अगं, काशीला जाताना लागेल म्हणून ठेवला होता गं. तुझ्यासाठीच..."

"बरं," आई म्हणाली.

एवढंच. बरं. होज तिनं आपल्या कापडी पिशवीत ठेवला आणि आजीपाशी जाऊन बसली. मला वाटलं होतं ती ओरडेल, तो पाईप त्यांच्या तोंडावर फेकेल. निदान रडेल तरी! मला तिचासुद्धा राग आला तेव्हा.

दुसऱ्या दिवशी आप्पा बांधलेल्या होजवर गाडी घेऊन एकटेच परत गेले. आम्ही तेरावा करून एस.टी.नं आलो. आई घरात शिरली, हातपाय धुतले, आणि ट्रंक उघडली.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर आई पैठणी नेसून अंगण झाडत होती. जांभळी, मोराच्या पदराची. पदर कंबरेला खोचलेला, काठ शेणात. झाडून झाल्यावर आरशासमोर बसली आणि पावडर लावली. तोंडाला, मानेला, हातांना, अगदी सावकाश. चिनी मातीच्या कपात चहा आला. जेवायला आंबेमोहोर. आप्पा पानावर बसले ते घमघमाटानंच दचकले.

"कोण येणार आहे का आज?"

"नाही."

"मग हा तांदूळ... अगं, संपेल ना."

"संपू दे," आई म्हणाली आणि त्यांना आणखी एक मूद वाढली.

मग ती आप्पांच्या ढिगाकडं वळली. हेडलाइटच्या काचा लोणच्याच्या बरण्यांवर झाकणं म्हणून बसल्या. चाकाच्या झाकणीत चिमण्यांना पाणी. सीटच्या स्प्रिंगा वेलाला चढायला. आप्पा नुसते बघत राहिले. एकदा तोंड उघडलं होतं त्यांनी, पण आईनं मान वर करून पाहिलं आणि त्यांनी ते मिटलं.

होज तिनं स्वयंपाकघरातल्या मोरीला लावला. मोरीची बाहेर जाणारी नळी फुटलेली होती. आईनं स्वतः, आप्पांच्याच स्क्रू-ड्रायव्हरनं, त्यांच्याच क्लिपा पिळून तो ओरिजनल होज तिथं बसवला. तेव्हापासून रोजचं खरकटं पाणी त्यातून परसात जाऊ लागलं. त्या पाण्यावर अळू काय फोफावलं! त्याचं फतफतं दर दोन-चार दिवसांनी आप्पांच्या पानात पडायचं. ते मुकाट्यानं खायचे.

आई त्या गाडीत पुन्हा बसली नाही. कुठं जायचं झालं तर पिशवी उचलायची आणि स्टँडवर. बांधलेला होज लवकरच पार फाटला. आप्पांनी कुर्ला पालथं घातलं, कोल्हापूर बघितलं, तसला होज काही मिळेना. गाडी दारात उभी राहिली ती उभीच राहिली. टायर बसले, खाली मांजरीनं पिल्लं घातली.

माझं लग्न झालं. पुढं एकदा दिवाळीला माहेरी आले होते. आप्पा थकले होते. दुपारी आई मोरीत भांडी घासत होती आणि मी ओट्याशी उभी राहून ती पुसत होते. आप्पा मागच्या दारानं आले. हातात स्क्रू-ड्रायव्हर. ते बराच वेळ मोरीच्या नळीकडं बघत राहिले.

"अगं," ते शेवटी म्हणाले. "गाडी सुरू करावी म्हणतो. बाकी सगळं आहे. काशीला जाऊन येऊ आपण."

आई पातेलं घासत राहिली.

"तेवढा तो पाईप काढून घेऊ का?"

आईनं पातेलं विसळलं. मान वर केली नाही.

"का?" ती म्हणाली. "आली का वेळ?"

आणि तिनं पातेल्यातलं खरकटं पाणी मोरीत ओतलं.